मीठ कोण बघणार

उजवा हात प्लास्टरमध्ये, झोळीत अडकवून
हेमांगी ओट्याशी खुर्ची टाकून बसली आहे
आणि मी, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
विळीवर नारळ खवतो आहे.
"करवंटीपर्यंत जाऊ नका. काळं दिसलं की फिरवा."
मी फिरवतो.
नारळ कानाशी हलवून आणला, हातगाडीवरून.
आमच्या लोकमान्य नगरात तो देवाच्या नावानंच मागतात,
मीही तसाच मागितला.

बांगडे मात्र छावणीपलीकडून, रईसभाईकडून.
बर्फाखालून काढले, निळे,
पाठीवर कुणी शाईची बोटं पुसल्यासारखे.
"भाभी नहीं आईं?"
म्हटलं, आप पहचानते हैं?
"हर मंगल आती हैं. कल्ले उठाके देखती हैं,
भाव पूछती हैं. लेती कुछ नहीं."
सुटे पैसे मी पुन्हा मोजले,
बरोबर होते तरी.

पातेलं गच्चीवर होतं, टाकीमागे,
विटेवर उपडं, आत पालीच्या अंड्यांची टरफलं.
लग्नानंतर चार-पाच वर्षं ती तिथंच रांधायची,
स्टोव्हला पत्र्याचा आडोसा करून.
खाली आई एकेक खिडकी लावत जायची.
मला त्या दिवशी हमखास सराफ्यात काम निघायचं;
गराडू खाऊन उशिरा परतायचो.
मग एका वर्षी तिनं स्टोव्ह भंगारवाल्याला दिला.
मी कारण विचारलं नाही.
मला बरंच वाटलं होतं.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

"धने चमचाभर. मिरच्या सात... नाही,
या निमाडच्या, पाचच घ्या."
मिक्सर थांबवून थांबवून
वाटण चिमटीत धरून दाखवतो.
"अजून."
पुन्हा दाखवतो.
"अजून."
सोलं तिच्या भावानं वेंगुर्ल्याहून धाडलेली,
तिरफळांच्या पुडीचा कागदसुद्धा फेकवत नाही, इतका वास.
ती ठेचायची, वाटायची नाहीत.
बी काढून टाकायचं. हे तिनं दोनदा सांगितलं.

रस रटरटला. बांगडे सोडले.
मी डाव उचलला मात्र,
तिचा प्लास्टरचा हात झोळीतून अर्धा वर आला.
"डाव नको! मोडतील.
पातेलंच धरा फडक्यानं, झुलवा."
तीस वर्षं ज्याला बोट लावलं नव्हतं
ते दोन्ही हातांनी धरून
मी झुलवतो आहे.
समोरच्या बाल्कनीत फडणीसवहिनी
वाळलेले कपडे काढता काढता थांबल्या.
"खिडकी लावा हो," हेमांगी हळूच म्हणाली.
मला मिक्सरनं ऐकू येत नाही असं मी दाखवलं.
मिक्सर केव्हाच बंद होता.

"आता मीठ. बघा बरं, कसं झालंय."
आणि कुणाला सांगतो आहोत ते तिच्याच ध्यानात आलं.
डावा तळहात पुढं केला.
मी दोन थेंब सोडले, कढत.
चाटून ती भिंतीकडे बघत राहिली,
जरा जास्तच वेळ.
"कमी आहे."
चिमूट घातली. म्हटलं, आता?
तळहात पुढं आला नाही.
चमच्यात केशरी तवंग होता,
खोबऱ्याचा एक कण, आणि वाफ.

"अजून किंचित," मी म्हणालो.
खरंच लागत होतं.

रईसभाईचं काही बोललो नाही.
जेवायला बसलो तर ती डाव्या हातानं,
अडखळत, वेळ घेत, काटे काढत होती,
आधी माझ्या ताटातले.