मधली चित्रं

तोकुदाइजी पुलाच्या कठड्याला टेकून
फोनमध्ये म्हणतो, "पूल विकत घ्या."
पुढच्या क्षणी दोन्ही टोकांचे दिवे लाल,
चोराची गाडी मधोमध अडकलेली.
पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या खात्यातला आकडा
भराभर उतरतो, थांबतो,
आणि जाहिरातीनंतर पुन्हा काठोकाठ,
विहिरीला रात्रीतून पाझर फुटावा तसा.

नेगिशी धापा टाकत मागून पोचतो.
त्याच्या हातात टॅक्सीची पावती आहे.
ठाण्यात दाखवली तर महिनाअखेर पैसे परत मिळतील.

पहिल्या भागापासून हे दोघे एकाच मोटारीत आहेत.
बोलतात ते फक्त भांडण्यापुरतं.

पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र
वरच्या मजल्यावरचे ओत्सुजी सर काढतात.
नोट बोटांतून सुटते: सरांचं.
नोट पाण्याला टेकते: तेही सरांचं.
सुटणं आणि टेकणं यांच्यामध्ये जी हवा आहे
तिच्यातली बारा चित्रं मी, नुकाता ओरिए,
नेरिमातल्या एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत काढते.
एका चित्राचे दोनशे दहा येन.
हातावर पोट म्हणतात ते हेच.
माझ्या तर मधल्या बोटाच्या घट्ट्यावर.

तोकुदाइजी सतत हलतो.
कोटाचं अस्तर उडतं, केस उडतात,
घड्याळावरून उजेड सरकतो, त्याचीही पाच चित्रं.
नेगिशीला मात्र शक्यतो उभाच ठेवायचा.
न हलणारा माणूस स्वस्त पडतो.
त्याचं नुसतं तोंड हलतं:
उघडं, अर्धं, मिटलेलं.
एवढ्या तीन तोंडांत त्याने
कायदा, इमान, गेल्या वर्षी वारलेला सहकारी,
सगळं बोलून दाखवायचं.
त्याच्या बाहीवर रफूची एक रेघ होती,
ती परवा काढून टाकली. रेघ कमी तेवढा वेळ कमी.
त्याची गरिबीसुद्धा बजेटात बसली नाही.

माझ्या शेजारी होझुमी बसतो.
वडिलांचे कोबेत दातांचे सात दवाखाने.
तो हे काम हौसेनं करतो
आणि, काय सांगू, चांगलं करतो.
त्याची रेघ घाबरत नाही.
माझी, अगदी छान उतरते तेव्हाही,
आधी खोलीच्या भाड्याकडे बघून येते.
रात्री तीनला तो टॅक्सी बोलावतो,
मला कोएन्जीला सोडतो.
सकाळी मी त्याच्या टेबलावर नऊशे येन ठेवते,
एक पाचशेचं नाणं, चार शंभराची.
महिन्याभरानं खोडरबर शोधताना
त्याच्या पेन्सिलींच्या डब्यामागे सगळी सापडली, जशीच्या तशी.
परत केली असती तर भांडले असते.
घेतली असती तर हिशोब मिटला असता.
तो विसरला होता.
तोकुदाइजीचं सगळं मला काढता येतं, नखापर्यंत,
हे विसरणं तेवढं जमत नाही.

काल कट दोनशे बारा आला.
तोकुदाइजी विचारतो, "तुझी किंमत काय, नेगिशी?"
नेगिशी समोर. मागे नदी. दोन सेकंद.
कागदावर सूचना: एकच चित्र, धरून ठेवणे.

मी तीन जास्तीची काढली.
पापण्या अर्ध्या.
पापण्या बंद.
पुन्हा अर्ध्या.
ही कुठल्याच बिलात नाहीत.

गठ्ठे बांधायचं काम होझुमीकडे होतं.
त्याने पानं मोजली, थांबला, परत मोजली.
माझ्याकडे बघितलं नाही.
वेळेच्या तक्त्यावर माझ्यापेक्षा सुबक अक्षरात
एकाचे चार केले
आणि पाकीट बंद केलं.

शुक्रवारी रात्री दीड वाजता,
कोणी जागं असेल तर,
सहाशे तीस येनांइतका वेळ
नेगिशी डोळे मिटून उघडेल.
उत्तर देणार नाही.
त्या कटमध्ये त्याला तोंड दिलेलं नाही.