दोन पूर्णांक आठ

म्हापशाहून आलेल्या लिझेट मिनेझिसनं
पहिल्याच दिवशी हॉलच्या मधोमध उभं राहून
एक लाल फुगा फोडला.
आवाज मागच्या भिंतीला गेला,
तिथून छपराच्या पत्र्यांना,
आणि रिकाम्या खुर्च्यांवरून चाचपडत
शेवटी तिच्या यंत्रात येऊन बसला.
"दोन पूर्णांक आठ सेकंद," ती म्हणाली,
"ह्या घरात शब्दाला मरण ना, मरे."

मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला सहायक,
आणि तेवीस वर्षं डाव्या विंगेतला प्रॉम्प्टर.
तिचा आकडा आम्हांला ठाऊक नव्हता,
पण पाठ होता.
डिचोलीच्या ह्या कॉलेजात
नाटकात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पोराला सांगायचो:
वाक्य बोल. थांब.
तुझंच वाक्य फिरून येतंय, त्याला वाट दे,
मग पुढचं.
नाहीतर राजा आणि राजाचा प्रतिध्वनी
एकदमच दरबारात शिरतात
आणि प्रधानाला कळत नाही
मुजरा कुणाला करायचा.

पडदा उतरवला तेव्हा
त्यातून अर्धी बादली खाणीची लाल माती झडली.
ट्रक कधीचे थांबले होते,
पडद्याला कुणी कळवलं नव्हतं.

फळ्यांखालून एक लाकडी तलवार निघाली.
कॅशियर पर्येकर धावत आले, म्हणाले, माझी.
दूत होते ते. एकच ओळ होती, तीही विसरले.
मी ती तीनदा दिली,
पहिल्या तीन रांगांनी ऐकली,
त्यांनी नाही.

बाल्कनीखालच्या रांगेत तर काहीच पोचायचं नाही.
तिथं नाटक न बघणारे बसायचे.
त्यातली दोन लग्नं मी जेवलोय.

मग भिंतींवर भोकाभोकांच्या फळ्या चढल्या,
फळ्यांमागे काचेची लोकर,
उल्हास गावसची माणसं आठवडाभर अंग खाजवत होती.
छताला करडे ढग टांगले, न बरसणारे.
दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे
खाली वाकत आलेले स्पीकर.
आणि मिक्सरवर इतकी बटणं
की आमच्या प्राचार्यांनी
फीत कापल्यावर कात्री त्यावरच ठेवली
तर लिझेट पहिल्यांदा ओरडली.

दुसरा फुगा.
एक पूर्णांक एक.
फुटला, आणि फुटूनच राहिला.

काल तालीम.
शांभवी मळीक, तिसरं वर्ष, बी.ए.,
मोकळ्या रंगमंचावर एकटी.
वाक्य बोलली.
थांबली.
काही फिरून आलं नाही.
पुढचं बोलली, पुन्हा थांबली.
तिच्या आधीच्यांनी तिला असंच दिलं होतं,
त्यांना त्यांच्या आधीच्यांनी,
कारण कुणी सांगितलं नव्हतं.

"हीं सगळीं मदींच कित्याक थांबतात?"
लिझेटनं मिक्सरवरून विचारलं.
कुणी बोललं नाही.
त्या न बोलण्यात
वर टांगलेल्या माइकनं
माझा श्वास उचलला,
पान उलटल्याची करकर उचलली,
आणि शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन ठेवली.

लिझेटचा हात बटणावर गेला.
तिनं विंगेकडे बघितलं.
बटण तसंच ठेवलं.

शांभवी अजून थांबलेली.
ओळ विसरली की वाट बघतेय,
मला कळेना.
ओळ माझ्या ओठांवर होती.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
ती तिथंच धरून
मीही
थांबलो.