साबणाचा फेस

नाट्याच्या जेटीवर
बर्फ कारखान्याचं तिसरं युनिट बंद.
जोडावर साबणाचा फेस लावला,
बुडबुडा आला संथ,
झोपलेल्या पोराच्या ओठावर यावा तसा.

याकूब मिस्त्री म्हणायचे,
तांबं लाल होऊ दे, काडी आपणहून पाणी होईल.
खारा वारा घाय वळखतो.
मग दोन तास व्हॅक्यूम,
एक विडी आणि काट्यावर नजर.

आताची पोरं एम-सील फासतात,
गॅस कोंबतात, फोटो पाठवतात,
निघाली पुढच्या रिसॉर्टला.
शिव्या घालतच ते खरवडलं.

खाली जुना जोड,
खिळ्यानं कोरलेली तारीख,
गणपतीच्या आदल्या दिवसाची.
अक्षर माझं.

बाहेर बांगड्याच्या टोपल्या, ओरडा.
पंपाशेजारी डबा पालथा घालून
बसलो.