सगुणची माशी

नरकासुर जळून दोन दिवस झाले होते
आणि म्हादईचं पाणी नुकतंच निवळत होतं.
गोटे मोजता येतील इतकं नाही,
चहातला गाळ खाली बसावा तितकं.
सगुण माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.
म्हणाला, तांबडा रेशमी दोरा दे, वावभर.

अठरा वर्षं माझा हा भाऊ बोटीवर,
पुढे अकरा स्कॉटलंडात,
नदीकाठच्या कुठल्याशा हॉटेलात बटाटे सोलत.
तिथल्या एका म्हाताऱ्यानं त्याला
पिसांची माशी बांधायला शिकवली.
बाकी काय आणलंस, विचारलं तर
चार तुकड्यांत मोडणारी काठी दाखवली
आणि गुडघ्यातली कळ.

माशी अशी:
वाकड्या गरीवर शेजारच्या कोंबड्याच्या मानेचं पीस,
पोरांकडे उरलेली नरकासुराच्या मुकुटाची बेगड,
कमरेला माझा दोरा.
दोऱ्याचं टोक दातांत धरून तो गाठ मारी,
आई काज करताना धरायची तसंच.
मी विचारलं, हे मासा खाईल?
म्हणाला, खात नाही गं. चुकतो.

नाणूसच्या खाली, कोंडीपाशी,
गुडघाभर पाण्यात तो सकाळपासून.
काठी मागे, काठी पुढे.
दोर डोक्यावरून उलगडत जाई,
टोकाशी पोचून जरा थांबे,
मग पाण्यावर उतरे,
मखमलीला अस्तर टेकवावं तसा.
साकवावरून कुष्टा ओरडला,
पागेर खांद्यावर, विडी कानावर:
‘वारो गरयता मरे हो!’
साकवावरचे सगळे हसले. मीही, थोडी.

पहिला दिवस गेला. दुसरा.
तिसऱ्या दिवशी भात कापणाऱ्या बायकाही विचारायला लागल्या,
माशी शिंकली काय गो तुझ्या भावाची?
मासा आणि माशी,
वेलांटीपुरतं तर अंतर,
पण ओलांडायला तीन दिवस पुरले नाहीत.

चौथ्या दिवशी मी पेज घेऊन गेले
तेव्हा काठी धनुष्यासारखी वाकली होती
आणि सगुण काहीतरी पुटपुटत होता,
इंग्रजीत, हळू,
घाबरलेल्या गाईशी बोलतात तसं.
खडस होता. कोपरापर्यंत हात लांब,
खवला खवला जुन्या पितळेचा.
मला घरातला किसलेला नारळ आठवला,
ठेचून ठेवलेली तेफळं आठवली.
आणि यानं गरी निघेना म्हणून दोर कापला,
माशाला दोन्ही हातांत धरून
प्रवाहाकडे तोंड करून उभा राहिला.
कल्ले हलले. हात रिकामे झाले.

सोडलास?
त्याला घरी जायचं होतं, म्हणाला.
जणू मासा तसं बोलला होता त्याच्याशी.
गरी गंजून पडेल आपोआप.
पेज त्यानं उभ्यानंच प्यायली.
मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.
नारळाचं मग सोलकढी केली.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी
कुष्टा दारात आला, अंगणातला ऊस ओलांडून.
केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी.
‘तुजो धागो,’ म्हणाला,
आणि पैसे घेईना.
माशाच्या ओठात माझा तांबडा दोरा,
रंग जरासुद्धा उतरलेला नाही.
(चांगला दोरा. म्हापशाहून आणते.)

मी सगुणला हाक मारली नाही.
मासा कापला, वाटण वाटलं.
दुपारी तो पाटावर बसला,
ताटातलं डोकं उलटंसुलटं करून पाहिलं,
ओठावरचं भोक पाहिलं,
आणि काटान्काटा वेगळा करून
सगळा खाल्ला.
मीठ कमी आहे, एवढंच म्हणाला.

माशी मी धुऊन सुयांच्या उशीत टोचून ठेवली.
गिऱ्हाइकं विचारतात, हा कसला किडा?
मी ब्लाउजचं माप विचारते.

आज सकाळी पुन्हा उभा होता मशीनपाशी,
विजार भिजलेली, नखात पिसाचा तुकडा.
उशीकडे त्यानं पाहिलंही नाही.
दोरा दे गं, म्हणाला.
हिरवा आहे?