अक्कलदाढ

बोझिदार राजे कसे गेले, विचारतोस?
चर्चच्या भिंतीवर वाचलंस ना: प्रजेच्या चिंतेने.
असू दे. भिंतीला काय,
चुना फासला की झालं.
मी तिथे होते. चौदा वर्षांची, हातात कंदील.

राजे गेले दाढेनं.
एकेचाळिसाव्या वर्षी उगवली, अक्कलदाढ,
डावीकडची, खालची, आडवी.
आचारी मागच्या जिन्यात हसायचे
आणि पुढच्या जिन्यात डोळे पुसायचे.

आधी गाल फुगला, मग मान,
मग डावा डोळा मिटला.
नाताळच्या दरबारात मुकुट बसेना,
कानावर अडकून तिरका राहायचा,
उतू जाणाऱ्या पातेल्यावरच्या झाकणासारखा.
सोनारानं मागून चीर दिली, वर रेशमी फीत बांधली.
परक्या वकिलाला सांगितलं, ही नवी रीत आहे.
त्यानं ते लिहून घेतलं.

वैद्य आले तीन.
एकानं लवंग दिली, एकानं जळवा लावल्या,
तिसऱ्यानं जिवंत बेडूक गालाला बांधला.
बेडूक पहाटे मेला.
राजे एका डोळ्यानं
बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

दाढ उपटा, असं मात्र कुणी म्हणेना.
कायदा होता: राजाचं रक्त जो सांडेल
त्याचे दोन्ही हात मनगटापासून तोडावेत.
त्यांच्याच आजोबांनी केलेला,
कुठल्याशा न्हाव्यावर चिडून.

मग माझ्या बापाला आणलं, खालच्या गावातून,
गुडघाभर बर्फातून.
व्हेंडेलिन. घोड्यांना नाल ठोकायचा, माणसांचे दात काढायचा,
सांडशी दोन्हीला एकच.
बोट घालून बघितलं, म्हणाला,
एक जपमाळ ओढेपर्यंत काम होईल.
पण आधी माफीचा कागद द्या.
माझं हातावर पोट आहे, महाराज.

मंत्रिमंडळ बसलं. तीन दिवस बसलं.
'सांडलेलं' लिहावं की 'निघालेलं'?
थुंकीत मिसळलेलं रक्त राजरक्त धरावं का?
दाढ राजाची, की राज्याची?
बापानं दाताच्या कण्या केल्या,
तर त्याला म्हणाले, घाई कसली.

शेजारच्या दालनात राजे उशी चावत होते,
उजव्या बाजूनं.
एकदा त्यांनी मला खुणेनं बोलावलं.
वाटलं, पाणी हवं असेल.
माझा हात घेतला आणि गालावर ठेवला,
कारण तो गार होता.
तेवढंच.
गाल तव्यासारखा भाजत होता, आत काहीतरी ठणठणत होतं,
आमच्या घोडीच्या खुरात खडा गेला होता तेव्हा ठणकायचं
तसंच, अगदी तसंच.
मी हात काढला नाही.
भीतीनं नाही. काढावासा वाटला नाही.

चौथ्या पहाटे मसुदा ठरला.
लाख वितळली, शिक्का उमटला,
प्रधान कागदावर फुंकर घालत जिना उतरले,
आणि शेवटच्या पायरीवर थांबले,
कारण माझा कंदील खाली ठेवलेला होता.

बाप म्हणाला, आता?
प्रधान म्हणाले, आता काढ.
वाहत नाही ते रक्त नव्हे.
आणि पेटीत चेहरा नीट दिसायला हवा.

जपमाळ अर्धीसुद्धा लागली नाही.
सूज उतरली, गाल बसला,
राजे पुन्हा नाण्यावरच्यासारखे दिसू लागले.
फक्त चीर दिलेला मुकुट आता सैल झाला होता.
नाकापर्यंत घसरायचा.
शेवटी आत लोकर कोंबली.

दाढ बापाच्या मुठीतच राहिली, चुकून.
घरी येऊन त्यानं ती नेहमीच्या डब्यात टाकली,
गिरणीवाल्याची होती, दोन धनगरांची होती,
बिशपच्या स्वयंपाकिणीची होती, त्यांच्यात.
हा बघ डबा. हलवून बघ.
कुठली, ते मला विचारू नकोस.

कागद आईनं वाया घालवला नाही.
त्या वर्षी आलुबुखारे खूप आले होते.
मुरंब्याच्या बरणीवर बांधला तिनं तो, सुतळीनं,
आणि शिक्का
बरोबर मध्यभागी आला.