दुखन

बरका गावाबाहेर, समुद्र दिसत नाही पण जिभेला कळतो
इतक्या अंतरावर, पहाटे चारला
आम्ही कणसांना टोप्या घालतो.
बटरपेपरच्या पिशव्या, देठाशी एक टाचणी,
वर वाणाचा नंबर, तारीख, आणि माझी सही: का.
का म्हणजे कालिंदा.
मोतालेब म्हणतो, तुमची सही नाही, सवाल आहे.

विहिरींत समुद्र शिरलाय इथल्या.
आधी लिंबांना कळलं, मग खजुरांना,
मग खल्फानच्या म्हाताऱ्याला, चहात.
आता ठिबकच्या तोंडाशी पांढरी खपली धरते.
ती मी नखानं उचलून डबीत टाकते
आणि लिहिते: ओळ नऊ, तोटी चौदा.

पहिल्या दिवशी खल्फान म्हणाला, दुखन.
मला वाटलं, काय दुखतंय विचारतोय.
मी कंबर दाखवली.
तो हसला नाही. चिकातला एक दाणा काढून
माझ्या तळहातावर ठेवला,
दुसरा स्वतःच्या दाताखाली धरला:
दुखन.

बाजरीला यांच्यात दुखन म्हणतात.
आणि मी आष्टीची,
जिथं बायका दुखणं कुणाला सांगत नाहीत,
पीठ मळता मळता परातीला सांगतात.

यंत्राच्या खणात चिमूटभर दाणे,
झाकण, किरण, वीस सेकंद.
सत्तेचाळीस नंबर: लोह ब्याऐंशी.
डॉक्टर रबाबनं टाळी वाजवली,
एवढं लोह, एवढ्या खाऱ्या पाण्यावर!
मागच्या महिन्यात दवाखान्यानं माझाही आकडा काढला होता.
साडेआठ.
माप वेगळं, मोजणं वेगळं, मला कळतं सगळं.
तरी वहीच्या त्याच पानावर
कोपऱ्यात तो लिहून ठेवलाय.

शुक्रवारी उरलेले नमुने दळले.
सत्तेचाळीसचं पीठ करडं, दिसायला देखणं.
गरम पाणी घातलं, तळव्यानं रेटलं, रेटलं,
थापायला घेतली तर कडेनं उललीच.
विरी नाही.
तव्यावर टाकताना तीन तुकडे झाले,
मोतालेबनं ते डाळीत कुस्करून खाल्ले, काही न बोलता.
एकशेबाराला लोह कमी, पण भाकरी अशी
की फुगल्यावर खल्फाननं काठी टेकून खाली वाकून पाहिली.

रबाब विचारते, विरी म्हणजे काय?
ती कुठल्या यंत्रावर मोजायची?
मी हात पुढं केले.
तिनं ते खरंच पाहिले, उलटसुलट,
मग तक्त्यात उत्पन्न, लोह, जस्त, क्षार यांच्या पुढं
एक रिकामा रकाना ओढला, पेन्सिलीनं.

बाजरीत आधी बाई फुलते.
पांढरे बारीक धागे बाहेर येतात,
बाप्याचं पिवळं पीठ दोनतीन दिवसांनी.
तेवढाच वेळ असतो आपल्या हातात.
एकशेबाराच्या पिशवीत सत्तेचाळीसचा पराग घेऊन गेले,
टोपी उचलली, झटकला, टोपी परत.
चिमण्या तारेवर बसून बघत होत्या,
त्यांना कुठला नंबर, कुठलं जस्त.

रबाब म्हणाली, वाण पक्का व्हायला सात पिढ्या.
वर्षाला दोन धरल्या तर साडेतीन वर्षं.
माझ्या व्हिसाचे अकरा महिने उरलेत.
खल्फाननं बोटांवर मोजून पाहिलं,
मग म्हणाला, म्हातारा तेवढा टिकेल.
त्याच्या बोलण्यात टिकेल होतं की टिकायला पाहिजे,
माझी अरबी तिथवर पोचत नाही.

सात वाजले. हवा तापायला लागलीय.
टोपीच्या आत काहीतरी खसखसलं,
किडा असेल, वारा असेल.
मी उघडून पाहिलं नाही.
पिशवीवर तारीख घातली,
आई ११२, बाप ४७,
आणि खाली, का.