काळा खडू

शुक्रवारी नऊ ते नऊ पन्नास
रुवीच्या आवारातली सात नंबरची खोली आमची.
आधी तमिळ, नंतर फिलिपिनो,
भिंतीपलीकडे मल्याळी क्वायर
एकच ओळ घासूनपुसून लख्ख करत असतो.
आज धर्मसुधारणेचा रविवार.
इथे रविवारसुद्धा शुक्रवारीच भेटतो.

मी रात्रपाळीवरून तशीच आलेय, नर्सच्या बुटांत.
पर्समध्ये चौदा झेरॉक्स:
एक मठवासी, एक हातोडा, एक भलंथोरलं दार.

काळा खडू पाच मिनिटांत संपला.
झगा काळा, दार काळं, खिळे काळे.
इतिहासाला काळा फार लागतो
हे खडूवाल्या कंपनीला कुणी कळवलेलं नाही.
केझियाने मग झगा पोपटी केला.
तिमोथीचं आभाळ मातकट.
"आभाळ निळं असतं ना रे?"
"धूळ आली की नसतं, टीचर."
जर्मनीवर मस्कतची धूळ उतरली,
मी खिडकी लावून घेतली.

आबेल भांबळने मठवाशाला पिवळं हेल्मेट घातलं.
त्याचे पप्पा सोहारच्या बंदरात फोरमन,
हेल्मेटशिवाय हातोडा उचलला तर पगार कापतात.
मी रबर हातात घेतलं
आणि ठेवून दिलं.
त्या माणसावर पुढे जे जे कोसळलं
त्याला हेल्मेट पुरलं नसतं.
तरी, असतं तर बरं.

"कागदावर काय लिहिलंय?"
"पैसे भरून पापाची माफी मिळत नाही. असं बरंच काही."
"मग त्याचा व्हिसा कॅन्सल झाला?"

चौदाही खडू थांबले.
हा शब्द इथे पाढ्यांच्या आधी येतो.

"झाला असं समज.
मग तो एका किल्ल्यात लपला,
आणि शास्त्र आपल्या भाषेत आणत बसला."
"आपल्या म्हणजे मराठीत?"

त्याची झेरॉक्स माझ्याकडे नव्हती.
मी एक कागद उलटा केला,
चार्ट भरायच्या लाल पेनने
काढायला घेतली एक बाई.
खांद्याला झोळी, पाय अनवाणी,
एक पाय दुसऱ्याहून लांब झाला, राहू दे.
"ही माझी पणजी, सारजाबाई. बायबलबाई म्हणत तिला.
चाळिशीत अक्षरं शिकली
आणि नेवाशाकडच्या गावांतून
चालत चालत ती वाटत सुटली."
"तिने काय ठोकलं?"
"काही नाही. दारापर्यंत येऊ देत नसत.
पाणीसुद्धा वरून ओतत, ओंजळीत.
अंगणाच्या कडेला उभं राहून वाचायची,
आतल्या बायका कणीक मळता मळता ऐकायच्या."

केझियाने 'स्किन' लिहिलेला गुलाबी खडू
स्वतःच्या मनगटाला लावून पाहिला,
डब्यात परत टाकला.
तपकिरी घेतला, वर थोडा नारिंगी.
लुगडं जांभळं. ते मी काही बोलले नाही.
"आणि जमीन? वाळूची?"
"नाही गं. काळी. कुळकुळीत काळी."

काळा तर संपलेला.
तेव्हा तिने टेबलाच्या कडेवरचा,
सगळ्यांच्या झग्यांतून, दारांतून, खिळ्यांतून सांडलेला
काळा चुरा बोटाने गोळा केला
आणि पणजीच्या पायांखाली
अंगठ्याने दाबून दाबून पसरला.

नऊ अठ्ठेचाळीस.
बाहेर फिलिपिनो मंडळी गिटार घेऊन उभी.
खोलीच्या दारावर आवाराची सूचना:
खिळे मारू नयेत, टेपच वापरावी.
आम्ही टेपच वापरली.
एसीच्या वाऱ्याने एक कोपरा सुटला
तर आबेल टाचा उंचावून
तो धरून उभा राहिला,
आतले बाहेर आणि बाहेरचे आत
होईपर्यंत.